केळीच्या घडावरचा अंगठा

दाजी, त्या दिवशी पांझरेच्या काठावर कावळा लगेच आला.

पिंड ठेवून भटजी जेमतेम चार पावलं मागं सरकले असतील, तोवर त्यानं चोच मारलीसुद्धा. लोक मोकळे झाले. कुणीतरी म्हणालं, "माणूस तृप्त गेला. काही मागं ठेवलं नाही." घरी येऊन अक्कालाही त्यांनी हेच सांगितलं. मी मात्र हात जोडून नदीकडं बघत उभाच राहिलो होतो, कारण दहा दिवस मी तोंडात एक वाक्य धरून बसलो होतो. कावळा येत नाही तेव्हा लोक गेलेल्याच्या मनातलं एकेक बोलून दाखवतात, पोरीचं लग्न करू, घराकडं बघू, काळजी करू नका. तशी वेळ आली तर मी पुढं होऊन सांगणार होतो की घडावरचे ते डाग तुमच्या गाडीनं नाही, मी पाडले होते. वेळच आली नाही. आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. तुमच्या दहाव्याला तुमच्या सख्ख्या शालकाला बरं वाटलं, ते ह्याचं. लाज म्हणतात ती ह्याला.

म्हणून आता कागद घेऊन बसलोय. समोर असताना तेरा वर्षं जे बोललो नाही, ते तुम्ही गेल्यावर लिहितोय. माझ्या शौर्याचा नमुना तुम्हाला नवा नाही.

अक्काचं लग्न ठरलं तेव्हा मी जळगावला कॉलेजात होतो. जावई धुळ्याचा, लेथवर काम करणारा, एवढं ऐकूनच मी नाक मुरडलं होतं. चोपड्याकडं आमची केळीची बाग, आबांचा चार गावांत शब्द, आणि जावई कोण, तर नखांत काळं ग्रीस घेऊन फिरणारा माणूस. मग लग्नानंतर तुम्ही पहिल्यांदा आमच्याकडं आलात ते त्या अडीचशे सीसीच्या मोटरसायकलवर. दोन सायलेन्सर, मागं निळा धूर, आणि ज्या दांड्यानं किक मारायची तोच पुढं पाडून गिअर टाकायचे. आबा ओट्यावरून उतरले. गाडीभोवती एक फेरी मारली, तुम्ही स्वतः लेथवर काढलेली पितळी बुश बोटानं चाचपली आणि म्हणाले, "जवाईना हात भारी शे." माझ्याविषयी आबा असं जन्मात बोलले नव्हते. मी शेजारी उभा होतो, हेही त्यांच्या लक्षात नव्हतं.

दुसऱ्या वर्षी मी हट्टानं साडेतीनशे आणली. जळगावच्या एका निवृत्त सुभेदाराची, गडद हिरवी, चार स्ट्रोकची. कंपन्यांची नावं मी लिहीत नाही. तुम्हाला ठाऊक आहेत, मला ठाऊक आहेत, आणि नाव लिहिलं की तुम्ही तिथून भांडायला लागाल. ती सुरू करायची म्हणजे एक पूजाच असायची. कळ दाबा, काटा मधोमध आणा, मग मनापासून किक. मन लागलं नाही तर दांडा उलटून नडगीवर. गावात शिरलो की लोक घराबाहेर येऊन बघायचे. तुम्ही ओट्यावर पाय सोडून बसला होतात आणि म्हणालात, "वसंता, तुन्ही गाडी म्हणजे लगीनना बँड शे. वाजस भारी, पोहचस उशिरा."

मी म्हणालो, "आणि तुमची म्हणजे चुलीला चाकं लावलीत. पेट्रोलमध्ये तेल कालवून पाजावं लागतं, तान्हं पोर आहे का ती?"

तिथून जे भांडण सुरू झालं ते दोन-तीन वर्षं चाललं. दिवाळीला, अक्षय तृतीयेला, शेतात भरताची पार्टी असली की पुरी हातात धरून. खरं तर दोघांचंही बरोबर होतं. हायवेवर शेजारून भरलेला ट्रक गेला तरी माझी हलायची नाही, तुमची अंग चोरायची. पण बांधावर, चिखलात, पाटाच्या कडेनं तुमची शेळीसारखी जायची आणि माझी बसकण मारायची. माझी दमादमानं चढायची, तुमची उडी मारून. माझ्या गाडीवर तासभर बसलं की हाताला मुंग्या यायच्या. ही गोष्ट मी कधी कबूल केली नाही. तुमच्या धुरानं डोळे चुरचुरायचे, हे तुम्ही मात्र हसत कबूल करायचात. तुमचं हेच मला सहन होत नव्हतं. समोरचा मान्य करतो तिथं भांडायचं कसं?

मग तुम्ही ते कॅरियर केलंत.

आमच्याकडं घड उतरवले की मजूर डोक्यावरून ते रस्त्यापर्यंत आणायचे. बैलगाडीत टाकले की दणके बसून केळी काळी पडायची. तुम्ही हे एका सुट्टीत बांधावर बसून दिवसभर बघितलंत. आणि पुढच्या वेळी आलात ते मागच्या सीटवर एक लोखंडी पाळणा बसवून. खाली चार स्प्रिंगा, मधे रबराच्या चकत्या, वर गोणपाटाची झोळी. घड त्यात निजवायचा आणि गाडी न्यायची. सगळं तुमच्या हातचं. धुळ्याच्या त्या कारखान्यात तुमचे मिस्त्री होते उस्मानचाचा. सुट्टीच्या वारी त्यांनी तुम्हाला लेथ वापरू दिली होती.

तुमच्या मनात काय होतं, ते तुम्ही आबांना त्याच दिवशी सांगितलंत. दुसऱ्याच्या लेथवर राबणं पुरे. आमची रस्त्याकडची पत्र्याची शेड रिकामी पडली होती. आबांनी ती वापरायला दिली, तर तुम्ही अक्काला घेऊन इकडं येणार होता आणि तिथं असली कॅरियरं करणार होता. सासऱ्याकडं काही मागणारा माणूस तुम्ही नव्हता. मागताना मान खाली होती. आयुष्यात तेवढं एकच मागितलंत.

आबा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. केळीवाला माणूस केळीलाच विचारतो. त्यांनी एकाच दिवशी कापलेले, सारख्या वजनाचे दोन घड निवडले. एक तुमच्या गाडीवर तुमच्या पाळण्यात. एक माझ्या साडेतीनशेवर, साध्या कॅरियरला गोधडी गुंडाळून. "धरनगाववरथीन जा," ते म्हणाले, "खराब रस्ता तोच घ्या." धुळ्याला अक्काच्या घरी दोन्ही घड पिकायला ठेवायचे, सहाव्या दिवशी आबा येऊन बघणार. तुमच्या घडाला डाग कमी असले तर शेड तुमची.

शेडशी माझं काही देणंघेणं नव्हतं, दाजी. मला शेड नको होती. मला फक्त माझी गाडी हरायला नको होती.

धरणगावपर्यंतच मला कळून चुकलं होतं. तुम्ही पुढं, मी मागं. खड्डा आला की तुमचं चाक दणकायचं आणि तो पाळणा नुसता श्वास घेतल्यासारखा खालीवर व्हायचा. माझ्या मागं गोधडी सरकत होती, दोर करकरत होता. पारोळ्याला आपण चहाला थांबलो. हॉटेलपुढं चार ट्रकवाले जमले. तुमच्या पाळण्यावर हात ठेवून एकजण म्हणाला, "हे काम आहे बरं का. एक नंबर." आणि माझ्याकडं वळून, "तुमची काय, नुसती आवाजाची." सगळे हसले. तुम्ही नाही हसलात. उलट म्हणालात, "तसं नाही, त्याची गाडी राजा आहे. फक्त हे काम तिचं नाही." मग मला म्हणालात, "तू बस, उन्हातनं आलास. मी चहा आणतो, तुला साखर कमी लागते."

तुम्ही माझ्यासाठी कमी साखरेचा चहा सांगायला आत गेलात आणि मी तुमच्या घडावरचं केळीचं पान बाजूला केलं.

नऊ ठिकाणी दाबलं. अंगठ्यानं, जोर लावून, फण्यांच्या बाहेरच्या अंगाला. हिरव्या केळीला मार लागला तर तेव्हा काही दिसत नाही, पिकताना काळं पडतं. आमच्याकडं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पान परत घातलं, हात पँटला पुसले, तोवर तुम्ही दोन ग्लास घेऊन आलात. चहा चांगला होता. मी तो सगळा प्यालो.

सहा दिवसांनी अक्कानं कोठीच्या खोलीतनं दोन्ही घड बाहेर काढले. माझ्या घडाची एक बाजू घासून खरवडली होती, पण काळे डाग तीन-चारच. तुमचा घड सोन्यासारखा पिवळा, आणि त्यावर नऊ काळे डाग. आबांनी तुमचा घड हातात घेतला. एकदा फिरवला, परत फिरवला. मला वाटलं, मोजताहेत.  मग खाली ठेवून म्हणाले, "जवाईबुवा, अजून काम बाकी शे." तेवढंच. शेड गेली.

तुम्ही डागांवरून बोट फिरवलंत. मला वाटलं, आता माझ्याकडं बघतील. बघितलंत, पण कसं, तर हसून. "वसंता, तुझी गाडी जिंकली. माझी स्प्रिंग कुठंतरी बसली." त्याच घडातलं एक केळ सोलून तुम्ही मला दिलंत. डाग काढून टाकलात आणि उरलेलं दिलंत. मी ते खाल्लं.  मनातल्या मनात मी खूश होतो. पुन्हा लिहितो. त्या दिवशी मी खूश होतो.

लाज पुढं हळूहळू आली. पहिल्यांदा आली ती तुम्ही भांडायचं सोडलंत तेव्हा. त्या दिवाळीला मी मुद्दाम तुमच्या धुराचा विषय काढला. तुम्ही म्हणालात, "तुझीच गाडी चांगली, बाबा." मी पुन्हा डिवचलं. तुम्ही ताटातली भाजी कालवत राहिलात. मला कुणीतरी माझी खोडी काढावी असं वाटत होतं, माझ्या गाडीला बँड म्हणावं, दोन शब्द ऐकवावेत. तुम्ही पुन्हा कधी ऐकवले नाहीत. जिंकून मी भांडणच गमावून बसलो.

ते कॅरियर तुम्ही गाडीवरून काढलंत. अक्कानं त्यावर पाण्याचा माठ ठेवला. धुळ्याला आलो की पाणी प्यायला मला तिथंच जावं लागायचं. शेवटी शेवटी मी तहान लागली तरी मागत नसे. कारखान्यात तुम्हाला पोरं केळीवाले शेठ म्हणायची. तुम्ही तेही हसून घ्यायचात. वर माझी साडेतीनशे धुळ्याला आणली की पार उघडून, साफ करून, टॅपेटं जुळवून परत द्यायचात आणि म्हणायचात, "एवढी चांगली गाडी, नीट ठेवत जा."

आणि एक गोष्ट. कुठं जायचं असलं, दोन गाड्या असल्या, की तुम्ही अक्काला म्हणायचात, "तू वसंताच्या मागं बस. माझा हात जड आहे." मला वाटायचं, थट्टा करताय. अक्का मुकाट्यानं माझ्या मागं येऊन बसायची.

सांगायचा प्रयत्न मी केला नाही असं नाही. एकदा नशिराबादजवळ माझी क्लच केबल तुटली. तिथल्या एका फोनबूथवरून तुम्हाला कळवलं, आणि तुम्ही कामावरनं सुटून एवढ्या लांबून केबल घेऊन आलात. हायवेच्या कडेला उकिडवे बसून केबल ओवत होतात. मी म्हणालो, "दाजी, एक सांगायचं होतं." तुम्ही वर न बघता म्हणालात, "सांग." मी म्हणालो, "आता त्या नव्या शंभरच्या गाड्या आल्यात, त्यांना काय गाडी म्हणायचं?" तुम्ही मनापासून हसलात. "शिवणयंत्र," म्हणालात. त्यावर आपण अर्धा तास बोललो. तेवढ्यापुरतं जुनं भांडण परत आल्यासारखं वाटलं आणि मी ते मोडलं नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला खवखवत होतं, पण मी खाकरून टाकत होतो.

दहाव्याहून परत आलो त्या संध्याकाळी आबांना सांगितलं. ते बाजेवर अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. थकलेत आता, पण हात चालू असतो. मी म्हणालो, "आबा, दाजींच्या घडावरचे ते डाग मी पाडले होते."

त्यांनी अडकित्ता थांबवला नाही. "माले ठाऊक शे."

"कधीपासून?"

"पाहताच. दणका लागेल केळ लांबट काळं पडस. ते डाग गोल व्हतात. अंगठाना."

चाळीस वर्षं केळी हाताळलेल्या माणसापासून मी अंगठ्याचा डाग लपवला होता. माझ्यासारखा शहाणा शोधून सापडायचा नाही. मी विचारलं, "मग तेव्हा बोलला का नाहीत?"

आबा म्हणाले, "जवाईना मोरे पोऱ्यानी लाज काढू?" मग सुपारीचं खांड माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "आते अक्काले सांगू नको. ऱ्हाऊ दे."

म्हणजे माझी अब्रू राखायला त्यांनी तुमचं आयुष्य दुसऱ्याच्या लेथवर ठेवलं, आणि तेरा वर्षं मला त्यातलं काही कळू दिलं नाही. मी लहान असताना आबा बोलत नाहीत म्हणून कुढायचो. ते माझ्यासाठी एवढं मोठं काहीतरी करून बसले होते आणि मला त्याची शिसारी येत होती. तरी दाजी, मी काय म्हणालो माहिती आहे? मी "बरं" म्हणालो. सुपारी तोंडात टाकली आणि म्हणालो, "बरं."

ते "बरं" मी दोन दिवस पाळलं.

काल तुमचा तेरावा झाला. ओसरीत पंगत बसली होती, तुमच्या कारखान्यातली सगळी माणसं होती, उस्मानचाचा भिंतीला टेकून कडेला. आतल्या घरात अक्का एकटी परातीत पोळ्या मोजत होती. मी दार लोटलं आणि सांगून टाकलं. चहापासून अंगठ्यापर्यंत, आणि आबांचंही. तिचा हात पोळ्यांवरच राहिला.

ती रडेल असं वाटलं होतं. शिव्या देईल असंही. तिनं विचारलं, "किती दाबलीस?"

"नऊ."

"नऊच," ती म्हणाली.  "म्हणजे गाडीचा एकही नव्हता. तुला एक माहीत नाही. त्यानंतर ह्यांनी चार वेळा बाजारातनं घड आणला. ह्याच गाडीवर, ह्याच कॅरियरमध्ये, पारोळ्यापर्यंत नेऊन परत आणला. इथं पिकवला. चारही वेळा एक डाग पडला नाही."

मी म्हणालो, "मग आबांना दाखवायचा."

"सासऱ्यानं एकदा नाही म्हटल्यावर जावई परत दारात जातो का?" ती म्हणाली. "म्हणाले, गाडी बरोबर आहे, कॅरियर बरोबर आहे, म्हणजे त्या दिवशी मीच वाईट चालवली. माझ्या हाताचा भरवसा नाही. म्हणून मला तुझ्या मागं बसवायचे, वसंता. तुला वाटलं, तुझा मान ठेवताहेत."

 ज्या हाताला आबा भारी म्हणाले होते, त्या हातावरचा विश्वास तुम्ही घालवून बसला होतात, आणि तो मी घालवला होता, कमी साखरेच्या चहाच्या वेळात. मी अक्काच्या पायाशी बसलो. पाया पडायला गेलो. तिनं पाय मागं घेतले.

"माझ्या पाया पडून काय होणार," ती म्हणाली. "बाहेर ते जेवताहेत त्यांनी ह्यांना दहा-बारा वर्षं केळीवाले शेठ म्हटलंय. त्यांना सांग. मी वाढते."

तिनं परात उचलली आणि माझ्या पुढून बाहेर गेली. मी मागं गेलो. पंगतीच्या मधोमध उभा राहिलो. लोकांना वाटलं, आग्रह करायला आलोय. मी सांगितलं. पंगतीच्या गोंगाटात दोनदा परत सांगावं लागलं. नऊ अंगठे, पारोळ्याचं हॉटेल, सगळं. कुणी जेवायचं थांबलं, कुणी ताटात बघत राहिलं. अक्का वाढत होती.

उस्मानचाचांनी हातातला घास खाली ठेवला. फार म्हातारे झालेत, कानानं कमी ऐकतात. शेजारच्याकडून परत नीट ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "मतलब, त्याचं काम बराबर होतं?"

"बरोबर होतं," मी म्हणालो.

"आणि गाडी?"

"माझ्या गाडीपेक्षा चांगली होती, चाचा. आणि चालवणाराही."

त्यांनी मान हलवली आणि डोळे पुसले.  दाजी, एवढंसं वाक्य तुमच्यासमोर बोललो असतो, तर तुम्ही म्हणाला असतात, "तसं नाही, तुझी गाडी राजा आहे." काल तसं म्हणणारं तिथं कुणी नव्हतं.